मुशीला घातलेली कणीक

बायकोचे खांदे रुंद झालेत हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा गणपती नुकतेच गेले होते. ती गच्चीवर गादी वाळत घालत होती. आमची ती कापसाची जुनी गादी, जी वर न्यायला एरवी मी, ती आणि वॉचमन असे सगळे लागायचो, ती तिने एकटीने उचलून कठड्यावर टाकली आणि हात झटकले. मी चहाचा कप घेऊन बघत उभा होतो. मदत करावी असं काही मनात आलं नाही. मनात एवढंच आलं की, यात काहीतरी गोम आहे.

हा माझ्या धंद्याचा दोष आहे. मी विम्याच्या दाव्यांसाठी अपघातांचे सर्व्हे करतो. चांदवडच्या घाटात कांद्याचा ट्रक उलटला, की मी जातो. कांदा किती सांडला, त्यातला किती लोकांनी नेला आणि किती मुळात ट्रकमध्ये नव्हताच, हे शोधून काढायचं. अर्धं आयुष्य हे केल्यावर माणसाचे डोळे कायमचे बिघडतात. लग्नाला गेलो तरी मी आधी मांडवाचे खांब कुठे बांधलेत ते बघतो, नवरानवरी नंतर.

तर मी पुरावे गोळा करायला लागलो. बायको रोज पहाटे योगाला म्हणून जायची. पण योगाची चटई दाराआड उभी, आणि तिच्यावर धूळ. बाल्कनीतल्या टॉवेलला शेवाळाचा वास. स्कूटरच्या चाकांना काळा चिखल. तळहाताला घट्टे, तेही बोटांच्या मुळाशी, जिथे लाटण्याने पडत नाहीत. आमच्या पिढीच्या नवऱ्याच्या मनात अशा वेळी जो पहिला संशय येतो तो माझ्याही मनात आला, पण आम्हा दोघांची वयं बघून लाजून परत गेला. दुसरा मात्र ठाण मांडून बसला. तो आजारपणाचा होता.

त्याला कारण होतं. बायको पूर्वी दर रविवारी गड चढायची. आमच्या जिल्ह्यात गडांना तोटा नाही, आणि तिने बहुतेक सगळे पायाखाली घातले होते. मग गुडघा गेला. डॉक्टरांनी फोटो उजेडापुढे धरून सांगितलं, चढउतार बंद. त्या दिवशी घरी आल्यावर तिने बूट पुसले, कागदात गुंडाळले आणि माळ्यावर टाकले. त्या विषयावर पुन्हा एक अक्षर बोलली नाही. जी बाई भाजीत मीठ कमी पडलं तरी तासभर बोलते, ती यावर गप्प राहिली, म्हणून मी धसका घेतला होता. आता ही पहाटे चोरून कुठल्या तरी उपचाराला जात असणार, आणि दुखणं गुडघ्यापेक्षा मोठं असणार, असं मी धरून चाललो.

एका पहाटे मी तिच्या मागे गेलो. गंगापूर रोड संपला, द्राक्षबागा लागल्या, तरी तिची स्कूटर थांबेना. थांबली ती थेट धरणाच्या फुगवट्यापाशी. मी चहाच्या टपरीआड उभा राहिलो. थोड्या वेळाने पाण्यावर एक लांबट पिवळी होडी आली. त्यात माझी बायको, अंगात लाइफ जॅकेट, हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं, आणि तोंडावर असा आनंद, जो मी आमच्या घरात बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता.

ती काठाला लागली आणि मी टपरीआडून बाहेर आलो.

"हे काय आहे?" मी म्हटलं.

"कयाक."

"ते दिसतंय."

"मग विचारता कशाला?"

"मला योगा सांगितलंस."

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? आधी धरणाची खोली विचारली असती. मग मगरी आहेत का विचारलं असतं. मग लाइफ जॅकेटवरची तारीख बघितली असती."

त्या क्षणी मी तिच्या लाइफ जॅकेटची आतली पट्टी उलटून बघत होतो. ती मी सोडली.

"अहो," ती जरा हळू म्हणाली, "इथे गुडघ्याला विचारावं लागत नाही हो."

त्यानंतर रविवारी मीही जायला लागलो. लक्ष ठेवायला. तिने मला दोघांच्या होडीत पुढे बसवलं, स्वतः मागे बसली आणि वल्हं कसं धरायचं ते शिकवलं. मी ते उलटं धरायचो. पण धरण आपलं, पाणी ओळखीचं, काठ चहूबाजूंनी दिसतो. माझ्या संशयाला तिथे फार खाद्य नव्हतं.

खाद्य मिळालं ते थंडी पडल्यावर. धरणावर कयाक शिकणाऱ्या त्यांच्या गटाने ठरवलं की आता समुद्रात जायचं. दापोलीच्या पुढे एक लहानसं गाव, समोर खडकाळ बेट. सकाळी गावाच्या किनाऱ्यावरून निघायचं, बेटावर टेकायचं, परत यायचं, आणि मागे सोबतीला एक मोटरची होडी.

मी त्या दिवसापासून मोबाइलवर शार्क बघायला लागलो. एकदा एक बघितला, की तो मोबाइल तुम्हाला आणखी दाखवत राहतो. कुठल्या कुठल्या देशांतले शार्क. खालून येऊन होडीला ढुसणी देणारे, वल्हं चावणारे. जेवताना मी ते घरच्यांना ऐकवायचो.

"तुम्ही आठवड्यातून कितीदा चांदवडच्या घाटातून जाता?" बायकोने विचारलं.

"कामच आहे ते."

"तिथे माणसं मरतात की नाही?"

"मरतात. पण तिथे ट्रक खालून येऊन पाय ओढत नाही."

आई जेवणाचं ताट पुढे घेऊन आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. ऐंशी उलटली तरी आईचे कान शाबूत आहेत. "कोण पाय ओढतो?" ती म्हणाली.

"मासा, आई. मोठा."

"भुकेला असेल," आई म्हणाली आणि वरण ओतून घेतलं.

मी दुसऱ्या दिवशीही व्हिडिओ दाखवला. तिसऱ्या दिवशी दाखवायला गेलो तेव्हा बायकोने मोबाइल माझ्या हातातून घेऊन पालथा ठेवला. दुपारची वेळ होती, आई झोपली होती.

"हे बघा," ती म्हणाली. "गड सुटले, तेव्हा मी काही बोलले नाही. बोलून काय होणार होतं? पण हे मला करायचंय. माझ्या हातांनी त्या बेटावर जायचं आणि माझ्याच हातांनी परत यायचं. मध्येच कुणी मला उचलून मोटरच्या होडीत घातलं ना, तर मी परत वल्हं हातात धरणार नाही. माझा स्वभाव मला माहीत आहे. ते बूट जसे माळ्यावर गेले, तसंच हे पण जाईल."

हे ती चिडून बोलली असती तर मी वाद घातला असता. ती मेथी निवडत बोलली. मी म्हटलं, "मी येतो बरोबर. गाडी चालवायला."

"शार्क बघायला म्हणा ना," ती म्हणाली.

निघायच्या आदल्या दिवशी आईने स्टीलची डबी माझ्या हातात दिली. आत कणकेच्या गोळ्या, बोराएवढ्या, हळद लावलेल्या. आमच्या नाशकात हे नवं नाही. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, आणि आई दर अमावस्येला गंगेवर जाऊन माशांना कणीक घालते. पूर्वी मी तिला घेऊन जायचो. गोळी टाकली की पाणी खदखदल्यासारखं होतं, मासे एकमेकांच्या अंगावर चढतात, आणि काठावरच्या माणसाला फार मोठं काही केल्याचं समाधान मिळतं.

"समुद्रात घाल," आई म्हणाली. "पोट भरलेलं असलं की मासा कुणाच्या वाटेला जात नाही."

"अगं, तो समुद्र. खारं पाणी असतं."

"मग? मी मीठ घातलंय कणकेत."

डबी मी बॅगेत टाकली.

गाडीत आम्ही दोघं आणि बायकोची जोडीदारीण, बँकेतल्या मॅडम. या दोघी मिळून दोघांच्या होडीत बसणार होत्या. मॅडम धिप्पाड, हसऱ्या आणि वाटेत दिसेल ते खाणाऱ्या. त्यांनी वडा खाल्ला, उसाचा रस प्यायला, आणि गावात पोचल्यावर तळलेल्या माशाच्या तुकड्यांवर असा हात मारला की मी त्यांच्याबद्दलही मनात एक शंका नोंदवून ठेवली.

संध्याकाळी बाकीचे गप्पा मारत बसले तेव्हा मी तपासाला निघालो. होड्या लागल्या होत्या त्या बाजूला बायका मासळी मांडून बसल्या होत्या. एका पाटीत करडे, निमुळते मासे होते, हातभर लांब. तोंड खालच्या बाजूला, पाठीवर तो ओळखीचा त्रिकोण. मोबाइलमध्ये महिनाभर बघितलेला चेहरा मी लगेच ओळखला, फक्त आकार लहान होता.

"हे काय?" मी विचारलं.

"मुशी हाय ती. कालवण बेस व्हतं. देऊ?"

"शार्क ना?"

"तुम्ही काय बी म्हना. नेता का?"

"चावते का माणसाला?"

बाईने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "आधी पैसं द्या," ती म्हणाली, "मग घाला बोट तोंडात."

शेजारच्या बायका पदराआड हसल्या. मी हसलो नाही. माझ्या डोक्यात एकच हिशोब चालू होता, की लहान इथे आहेत तर त्यांचे आईबाप कुठेतरी असणारच.

रात्रीच्या जेवणाआधी, आम्हाला समुद्रात नेणार होती त्या शिकवणारीने सगळ्यांना अंगणात बसवलं. ती माझ्या मुलीच्या वयाची, पण सगळे तिला ताई म्हणत, म्हणून मीही मुकाट्याने ताईच म्हणत होतो. तिने वारा, ऊन, लाटा सगळं सांगितलं. शेवटी, कुणाला काही विचारायचंय का? मी हात वर केला. बायकोने कपाळाला हात लावला.

"शार्कचं काय?"

सगळे हसले. ताई हसली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

"असतात," ती म्हणाली. "इथे लहान असतात बहुतेक. माणसाला शोधत कुणी फिरत नाही, काका. पण समुद्र त्यांचा आहे, त्यामुळे दिसणारच नाहीत असं मी म्हणणार नाही. हातपाय होडीच्या आत ठेवा. वल्हं पाण्यावर आपटू नका. खायचं काही पाण्यात टाकू नका. काही दिसलं तर ओरडायचं नाही, वल्हं उभं धरायचं. मी येते, सगळे एकमेकांना चिकटून थांबतील, आणि शंका आली तर सगळे मागच्या मोटरच्या होडीत बसून परत. त्यात वाद नाही."

शंका आली तर! पोरीला कल्पना नव्हती ती कुणाला सांगत होती. मी बायकोकडे बघितलं. ती माझ्याचकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. शार्कची नव्हे. माझी.

सकाळी मॅडमनी दार उघडलं नाही. आतून आवाज आला, "मी नाही येऊ शकत. पोट!" त्या तळलेल्या तुकड्यांबद्दलची माझी शंका खरी ठरली होती, पण पहिल्यांदाच तिचा मला आनंद झाला नाही. एकेकट्यांच्या होड्या सगळ्या वाटल्या गेल्या होत्या. उरली होती ती दोघांची.

"एकटीला ही नाही देता येणार," ताई बायकोला म्हणाली. "समुद्रात जड जाते. सॉरी."

बायकोने मान हलवली. लाइफ जॅकेटचे पट्टे बांधून झाले होते, ते ती सोडवायला लागली. एक क्लिप निघेना. तिने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं, विनवलं असतं, तर मी तिथल्या तिथे नाही म्हणालो असतो, मला सवय आहे. पण ती वाळूकडे बघून क्लिपशी झटत राहिली, आणि मला माळ्यावरचे बूट दिसले.

"मी बसतो," मी म्हटलं.

"काका, पोहता येतं?"

"विहिरीत शिकलोय." हे खरं होतं, मामाच्या मळ्यात, पाठीला डबा बांधून. विहिरीत पोहायला शिकलेला माणूस कायम असं धरून चालतो की कडेला कुठेतरी पायऱ्या असणार, हे मी ताईला सांगितलं नाही. धरणावरचे रविवार सांगितले. तिने मला काठाजवळच्या पाण्यात एक फेरी मारायला लावली, वल्हं एकदा सुलटं करून दिलं आणि हो म्हणाली.

मी पुढे, बायको मागे. आईची डबी जॅकेटच्या खिशात मावेना, म्हणून मी गोळ्या पिशवीत घालून तिथे ठेवल्या. दोन दिवस उलटल्यामुळे त्यांना आंबूस वास यायला लागला होता.

समुद्र शांत होता, असं सगळे म्हणत होते. मला तो गप्प वाटला. या दोहोंत फरक आहे. दाव्याच्या चौकशीत जो ड्रायव्हर फार शांत उत्तरं देतो, त्याच्याकडे मी दोनदा जातो. किनारा मागे गेला तसं पाणी हिरवं, मग गडद झालं. तळ दिसेना. होडीचा आणि माझ्या बुडाचा आणि त्या गडद पाण्याचा मिळून एक बोटभर प्लास्टिकचा संबंध होता.

समोर काळं काहीतरी वरखाली झालं. माझं वल्हं आपोआप उभं व्हायला लागलं.

"तो बोया आहे," मागून आवाज आला. "जाळ्याचा."

मी वल्हं खाली घेतलं. जरा पुढे गेलो तर उजवीकडे तपकिरी, केसाळ.

"नारळ आहे तो."

"मी काही म्हटलं का?"

"पाठ बोलते तुमची."

मग एक काळी मान पाण्यातून सरळ वर आली.

"पक्षी आहे. आता उडेल बघा."

तो उडाला. मला त्या पक्ष्याचा राग आला. मागे बायको एका लयीत वल्हवत होती. वल्ह्याचं पाणी गळण्याचा आवाज, मग पाण्यात शिरण्याचा, मग परत गळण्याचा. मधूनच ती गुणगुणत होती. गुडघा गेल्यापासून मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं, त्यामुळे आधी मला तोही आवाज संशयास्पद वाटला.

बेट जवळ आलं तसं पाणी जरा निवळ झालं, खालचे खडक अंधुक दिसायला लागले. ताईने लांबून खूण केली, थांबा, दम घ्या. मोटरची होडी बरीच मागे होती. बायको मागे पाणी पीत होती. आणि मला आईची आठवण झाली.

आता इथे मी काय विचार केला ते सांगतो, म्हणजे शिकलेल्या माणसाचं डोकं कसं चालतं ते कळेल. ताईने पाण्यात खायचं टाकू नका म्हटलं होतं. पण ते मासळीबिसळीबद्दल असणार, वासाच्या पदार्थांबद्दल. कणीक शाकाहारी होती. शिवाय आईला मी होकार दिला होता. आणि माझ्या धंद्यात हप्ता आधी भरायचा असतो, अपघात झाल्यावर नाही. मी खिशातून हळूच एक गोळी काढली आणि बोटं पाण्याला न लावता सोडली.

गोळी हळद सोडत खाली गेली. चिमुकले, चांदीसारखे मासे कुठून आले कळलं नाही. मी दुसरी सोडली, तिसरी सोडली. ते झुंडीने आले, पार गंगेवरच्यासारखे. होडीभोवती पाणी थरथरायला लागलं. मला फार बरं वाटलं. इतके दिवस ज्याला भ्यालो तो समुद्र आपल्याच घाटावरचा निघाला, असं वाटून मी मूठभर गोळ्या काढल्या.

आणि मासे गेले. एकदम. कुणीतरी दिवा घालवावा तसे. पाणी रिकामं झालं.

मग खालच्या खडकाचा एक तुकडा हलला. करडा, निमुळता. तो होडीच्या खालून निघाला आणि माझ्या हाताच्या बाजूने, अजिबात घाई न करता वर आला. पाठीवरचा त्रिकोण पाण्याबाहेर निघाला नाही, आत राहिला, पण मला तो घरातल्या पंख्याच्या पात्याइतका स्वच्छ दिसला. पाटीतल्या मुशीपेक्षा बराच मोठा, मोबाइलमधल्या राक्षसांपेक्षा पुष्कळच लहान. त्या मुशीने एक गोळी तोंडात घेतली आणि टाकून दिली. आईची कणीक कुणी टाकून दिलेली मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. मग ती होडीला वळसा घालून मागच्या बाजूला गेली. बायकोच्या बाजूला.

वल्हं माझ्या मांडीवर आडवं होतं. उभं करायचं, बस. ताई आली असती, सगळे चिकटून थांबले असते, मोटरची होडी आली असती. माझं महिनाभराचं म्हणणं सगळ्यांदेखत खरं ठरलं असतं. आणि कुणीतरी बायकोच्या काखेत हात घालून तिला उचलून त्या होडीत घातलं असतं, बेट हाकेच्या अंतरावर असताना.

मी वल्हं उभं केलं नाही. हे शौर्य नव्हतं, हात उचलतच नव्हता, असंही म्हणता येईल. मी मूठ घट्ट आवळली होती. कणीक बोटांच्या फटींतून बाहेर येऊन मनगटापर्यंत आली होती.

"थांबलात का?" मागून आवाज. ताई पुढे निघाली होती.

"पाठ अवघडली."

"मग हळू मारा. मी आहे."

आम्ही निघालो. मी वल्हं पाण्यात असं घालत होतो जसं झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालतात.

बेटावर उतरताना बायकोने माझा खांदा धरला, एक पाय खडकावर टेकवला, मग दुसरा. उभी राहिली. मागे वळून गावाकडे बघितलं. किनाऱ्यावरची घरं काड्यापेट्यांएवढी दिसत होती. ती नुसती बघत राहिली, आणि मी तिच्याकडे बघत राहिलो, आणि त्या थोड्या वेळात माझ्या डोक्यात खरोखर कुठलाच संशय नव्हता.

मग ताई आली. "सगळे ठीक? कुणाला काही दिसलं का वाटेत?"

"नाही," बायको म्हणाली.

"नाही," मी म्हणालो.

आणि लगेच माझं डोकं परत चालू झालं. बायकोचं 'नाही' प्रश्न संपायच्या आत आलं होतं. इतक्या ड्रायव्हरांचे जबाब घेतलेत मी. खरं बोलणारा आधी आठवून बघतो.

ती माझ्या हाताकडे बघत होती. हळदीने पिवळा झालेला पंजा, नखांत कणीक. "हात धुवा ते," ती म्हणाली. मी पाण्याच्या कडेला वाकायला लागलो, तर तिने माझी कॉलर धरली. "तिथे नको. बाटलीतल्या पाण्याने धुवा."

मी तिच्या चेहऱ्यावर काही सापडतं का ते बघितलं. काही नव्हतं.

परत निघताना गटातल्या दुसऱ्या दोघांनी मोटरची होडी पसंत केली, ऊन झालं म्हणून. ताईने माझ्याकडे बघून विचारलं, "काका, तुम्ही?" बायको चपलेतली वाळू काढण्यात अगदी गढून गेली होती. होडी दोघांची. मी गेलो असतो तर तिलाही जावं लागलं असतं.

"मी बरा आहे," मी म्हटलं आणि त्या होडीत, त्या पाण्यावर, ज्याच्या पोटात काय आहे हे आता मला नक्की माहीत होतं, परत जाऊन बसलो. उरलेल्या गोळ्यांची पिशवी बायकोने न बोलता माझ्या खिशातून काढून आपल्या बॅगेत टाकली आणि बॅगेची चेन लावली.

अर्ध्या वाटेवर वारा थोडा उठला होता. बायको गुणगुणत नव्हती. दोघांची वल्ही एकाच वेळी पाण्यात शिरत होती, धरणावर कधी शिरली नाहीत इतकी बरोबर. आणि तेव्हा मागून, अगदी शांत आवाजात, भाजी उतरव म्हणावं तसं, ती म्हणाली,

"डावीकडे बघू नका."

माझा सगळा जन्म डावीकडे बघण्यात गेलाय. लोक जिकडे बघू नका म्हणतात तिकडे बघण्याचे मला पैसे मिळतात. मान वळायला लागली होती, ते मला मानेच्या शिरांत जाणवलं. मी समोरच्या किनाऱ्यावरचं एक नारळाचं झाड पकडलं आणि त्याच्यावरून नजर हलवली नाही. वल्हं मारलं. परत मारलं. डाव्या बाजूला पाणी एकदा चुबकलं. मी मारत राहिलो. मागे तीही मारत राहिली. झाड मोठं झालं, त्याखाली पोट धरून उभ्या असलेल्या मॅडम दिसायला लागल्या, आणि होडीचा तळ वाळूला घासला.

बायको होडीतून उतरली. या वेळी माझा खांदा धरला नाही. गुडघा वाकडातिकडा टाकत, भिजलेली, उन्हाने लाल झालेली, वाळूवर चार पावलं गेली आणि मॅडमच्या गळ्यात पडून लहान मुलीसारखी हसायला लागली.

घरी आल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला. "घातल्यास का गोळ्या?"

"घातल्या."

"खाल्ल्या त्यांनी?"

"लहानांनी खाल्ल्या. मोठ्यांना फार आवडल्या नाहीत."

"मीठ कमी पडलं असेल," आई म्हणाली.

बायको आता होळीनंतर परत जायचं म्हणते आहे, लांबच्या बेटावर. मॅडमचा नंबर रद्द, जोडीदार म्हणून माझं नाव तिने परस्पर दिलंय. मी एकदा, ती चांगल्या मूडमध्ये असताना, सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या दिवशी डावीकडे काय होतं गं?"

"कधी?"

"येताना. बघू नका म्हणालीस."

"हां, ते होय!" ती लसूण सोलत होती. "अहो, खडकावर एक माणूस बसला होता. सकाळचा, लोटा घेऊन. म्हणून म्हटलं, बघू नका."

मी मान हलवली आणि तिच्या पुढ्यातल्या लसणाच्या दोन पाकळ्या सोलायला घेतल्या. जबाब म्हणून तो उत्तम होता, सहज होता, कुणालाही पटेल असा होता. मला एवढीच एक अडचण आहे, की परतीच्या वाटेवर आमच्या डाव्या हाताला खडक नव्हता. जाताना तीच बाजू उजवीकडे होती, आणि तिथे पार नजर पोचेपर्यंत नुसतं पाणी होतं.